फुकटचा कॉल कुणाच्या बिलात पडतो? टोल-फ्री नंबर, फोन फ्रीकिंग आणि कॉल फॉरवर्डिंग

प्रश्न असा आहे: शिट्टी वाजवून अमेरिकेत फुकट फोन करायचे ते फ्रीकिंग खरंच व्हायचं का, त्यासाठी टोल-फ्री नंबरच का धरायचे, आणि आपल्याकडच्या १८०० नंबरांवर किंवा कॉल फॉरवर्डिंगवर आज तसलं काही चालतं का?

शिट्टी खरी आहे. पण सगळे तिथेच अडकतात आणि खरी गोम राहून जाते. टोल-फ्री कॉल असो की फॉरवर्ड झालेला कॉल, दोन्हींत कॉलचे दोन तुकडे असतात: एक तुमच्यापासून मधल्या ठिकाणापर्यंत, दुसरा तिथून पुढे. दोन्ही तुकड्यांचं बिल एकाच माणसाला जातं असं नाही. फ्रीकिंग तेव्हा त्या सांध्यात व्हायचं आणि आजची फसवणूकही त्याच सांध्यात होते.

आधी शिट्टी. दोन एक्स्चेंजना जोडणाऱ्या लाइनला ट्रंक म्हणतात. बेल सिस्टिम म्हणजे तेव्हाची अमेरिकेतली मोठी टेलिफोन कंपनी. तिच्या लांब पल्ल्याच्या ट्रंकवर ‘ही ट्रंक रिकामी आहे’ हे कळवायला वेगळी तार नव्हती. बोलणं ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने सूर पाठवायचे. रिकाम्या ट्रंकवर २६०० हर्ट्झचा सूर सतत चालू, कॉल आला की सूर बंद. म्हणजे चालू कॉलमध्ये तो सूर ऐकू आला की पलीकडचं एक्स्चेंज समजणार, माणसाने फोन ठेवला. सूर यंत्राने काढला की गिऱ्हाइकाने तोंडाने वाजवला, हे ओळखायची सोयच नव्हती. एवढीच काळजी घेतली होती की सुराबरोबर दुसरा आवाज मिसळलेला असेल तर रिसीव्हर त्याला जुमानत नसे, नाहीतर बोलता बोलता कुणाचा आवाज चढला की कॉल तुटला असता. त्यामुळे सूर स्वच्छ लागायचा. जो एन्ग्रेसिया हा जन्मांध मुलगा तो नुसत्या शिट्टीने काढायचा. जॉन ड्रेपर या नावाजलेल्या फ्रीकरचं नाव ज्या शिट्टीशी जोडलं गेलं ती कॅप्टन क्रंच नावाच्या न्याहारीच्या खोक्यात फुकट मिळायची.

शिट्टीने फक्त दार उघडायचं. पुढचा नंबर फिरवायला ‘ब्लू बॉक्स’, म्हणजे सूर काढणारं छोटं खोकं, लागायचा, कारण एक्स्चेंज आपसांत जे आकडे बोलायचे ते तुमच्या-माझ्या फोनच्या बटणांचे सूर नव्हते. बटणांचे सूर ६९७ हर्ट्झपासून सुरू होतात. ट्रंकवरचे होते ७००, ९००, ११००, १३००, १५०० आणि १७००, आणि दर आकड्याला त्यातले दोन एकदम. पाठांतराची गरज नाही. पहिल्या पाच सुरांना क्रमाने ०, १, २, ४, ७ असं वजन द्या, दोघांची बेरीज म्हणजे आकडा. ९०० आणि ११०० म्हणजे १ अधिक २, तीन. ११०० आणि १५०० म्हणजे २ अधिक ७, नऊ. एकच अपवाद शून्याचा, तिथे बेरीज अकरा येते. १७०० फक्त खुणांसाठी: ११०० बरोबर वाजला तर ‘आकडे येताहेत’, १५०० बरोबर वाजला तर ‘आकडे संपले’. दर आकडा साधारण ६८ मिलिसेकंद, मध्ये तेवढीच विश्रांती, सुरुवातीची खूण थोडी लांब, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. हे गुपित कुणी चोरलं नव्हतं. बेलच्या अभियंत्यांनीच ते १९५४ आणि १९६० मध्ये आपल्या तांत्रिक नियतकालिकात छापलं होतं आणि ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडलेलं होतं.

आता प्रत्यक्ष काय घडायचं ते बघा. फ्रीकर एक ८०० नंबर, म्हणजे तिथला टोल-फ्री नंबर, फिरवायचा. कॉल त्याच्या गावच्या एक्स्चेंजमधून ट्रंकवर चढून दूरच्या एक्स्चेंजला जायचा. मग तो सेकंदभर २६०० वाजवायचा. दूरचं एक्स्चेंज समजायचं, माणूस गेला, आणि पुढची जोडणी तोडायचं. सूर थांबला की त्याच एक्स्चेंजला वाटायचं, ट्रंकवर नवा कॉल आला. आकडे ऐकणारं यंत्र ते लाइनवर लावायचं आणि ‘तयार आहे’ असा छोटा इशारा मागे पाठवायचं. कानाला तो ‘चिर्प’ आणि मागोमाग ‘टक्’ असा लागायचा. मग बॉक्सवरून सुरुवातीची खूण, नंबर, शेवटची खूण. कॉल हव्या त्या गावी लागला.

इकडे गावच्या एक्स्चेंजला याचा पत्ताच नाही. ते गिऱ्हाइकाच्या तारेतला प्रवाह बघत बसलेलं, आणि रिसीव्हर तर अजून उचललेलाच. बिल तिथे लिहिलं जायचं आणि त्यात नोंद एवढीच: अमुक ८०० नंबर, कॉल उचलला गेला, इतकी मिनिटं. आकार शून्य. एक्स्चेंज काही ‘बिघडलं’ नव्हतं, जे सांगितलं ते त्याने इमानदारीने लिहिलं.

८०० ची सेवा १९६७ मध्ये आली. त्याआधी आणि नंतरही काही जण चौकशीचा ५५५-१२१२ नंबर धरायचे, कारण तोही फुकट होता. पण तिथे एक फट उघडी पडायची. चौकशीचा ऑपरेटर बोलला तरी ‘कॉल उचलला’ हा इशारा मागे येत नसे. ब्लू बॉक्सने पुढे लावलेल्या खऱ्या नंबरावर मात्र माणसाने फोन उचलला की इशारा यायचा. मग नोंदीत दिसायचं: चौकशीचा कॉल, उचलला गेला, वीस मिनिटं चालला. हिशेब तपासणाऱ्याच्या डोळ्यात ते लगेच खुपायचं. ८०० वर कॉल उचलला जाणं अगदी नैसर्गिक, म्हणून तो नंबर लाडका. तिथे पकडायला कालावधी बघावा लागायचा. हॉटेलच्या आरक्षणाच्या नंबरावर कुणी दोन तास बोलत नाही. बेलने १९६४ ते १९७० या काळात ‘ग्रीनस्टार’ नावाच्या यंत्रणेने सुमारे ३ कोटी ३० लाख कॉल तपासले. त्यातले पंधरा लाखांच्या वर टेप झाले, आणि ते बाहेर आल्यावर कंपनीचीच अडचण झाली.

खरा इलाज पोलिसी नव्हता, रचनेचा होता. इशारे बोलण्याच्या वाटेवरून काढून वेगळ्या डेटा लाइनवर नेणं. ते १९७६ मध्ये सुरू झालं आणि पुढे त्याचंच एसएस७ (एक्स्चेंजनी आपसांत इशारे पाठवायची पद्धत) झालं. आज तुम्ही कितीही सुरेल २६०० वाजवा, समोरच्याला शिट्टी ऐकू येईल, बस्स. अमेरिकेत मिनेसोटातल्या वावीना या खेड्याच्या ट्रंकवर तो सूर जून २००६ पर्यंत जिवंत होता. आंतरराष्ट्रीय लाइनींवर ‘क्रमांक ५’ नावाची इशाऱ्यांची पद्धत २४०० आणि २६०० अशा दोन सुरांवर चालायची, म्हणून युरोपातले लोक परदेशी ऑपरेटरच्या टोल-फ्री नंबरावरून नव्वदच्या दशकातही हात मारून घेत होते. तेही संपलं.

ब्लू बॉक्स न वापरता ८०० नंबर नुसते फिरवत बसणारी वेगळी जमात होती. एका मालिकेत ०००० ते ९९९९ असे दहा हजार नंबर. दर कॉलला अर्धा मिनिट धरलं तरी ८३ तास. वहीत नंबरापुढे काय ऐकू आलं ते लिहायचं: मोडेमची किंचाळी, व्हॉइस मेल, एक्स्चेंजची रेकॉर्डेड सूचना, ‘तुम्ही या नंबरावरून बोलताय’ असं सांगणारा चाचणीचा नंबर, आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे उचलल्यावर दुसरी डायल टोन देणारा, कारण तिथून पुढे दुसरा नंबर फिरवता यायचा. फिरवणाऱ्याला हे फुकट, पण दर उचललेल्या कॉलचे पैसे नंबराच्या मालकाला पडतात. ‘मी फक्त ऐकत होतो’ हे म्हणणं म्हणूनच पुरतं निरागस नाही.

आणखी एक गैरसमज तिथे पक्का व्हायचा: नंबर लपवला की आपण लपलो. कॉलर आयडी ही समोरच्याला दाखवायची सोय आहे, ती तुम्ही बंद करू शकता. बिलासाठी नेटवर्क जो नंबर स्वतः पाठवतं तो वेगळा, त्यावर तुमचा ताबा नाही. टोल-फ्रीचा मालक बिल भरतो, म्हणून अमेरिकेत त्याला तो दुसरा नंबर मिळतो. तिथे *६७ हा नंबर लपवायचा कोड लावून ८०० फिरवणारे बरेच जण यादीत अलगद सापडले.

आता फॉरवर्डिंग. टोल-फ्री नंबराला स्वतःची तार नसते. ते एक नाव आहे, खरा नंबर त्याच्यामागे असतो. तुम्ही १८०० फिरवला की नेटवर्क डेटाबेसला विचारतं, ‘हा कुठे न्यायचा?’ उत्तर येतं ते साधा नंबर किंवा ट्रंक, आणि तेही वेळेनुसार, प्रांतानुसार बदलू शकतं: दिवसा पुण्याचं कॉल सेंटर, रात्री दुसरं. अमेरिकेत हा डेटाबेस १९८१ मध्ये आला आणि मे १९९३ पासून तिथे कंपनी बदलूनही ८०० नंबर तोच ठेवता येऊ लागला. भारतात १८०० वर कॉल करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, १८६० वर पडतात, हा फरक अनेकांना बिल आल्यावरच कळतो. परदेशातून १८०० सहसा लागतच नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून इथल्या बँकेला फोन करायचा तर कार्डामागचा +९१ चा नंबर शोधावा.

डेटाबेसच्या आधी फॉरवर्डिंग खोक्याने व्हायचं. डॉक्टरच्या दवाखान्यात दोन लाइनी आणि मध्ये डायव्हर्टर. पहिल्या लाइनवर कॉल आला की खोकं दुसऱ्या लाइनवरून डॉक्टरच्या घरचा नंबर फिरवून दोन्ही जोडायचं. डॉक्टरने घरी फोन ठेवला तरी खोक्याला ते कळलं नाही, तर दहा-पंधरा सेकंदांनी दुसऱ्या लाइनची डायल टोन थेट पेशंटच्या कानात. त्यावरून पुढे काहीही फिरवा, बिल दवाखान्याचं.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतोय, कारण हाच दोष आजही इथल्या ऑफिसांत बघायला मिळतो. लँडलाइन आयपी पीबीएक्सला (नेटवर्कवर चालणाऱ्या ऑफिसच्या एक्स्चेंजला) जोडायला एफएक्सओ पोर्टचं (बाहेरची टेलिफोन लाइन जिथे लावतात त्या पोर्टचं) गेटवे लावतात. समोरच्याने फोन ठेवलाय हे पोर्टला मुख्यतः दोन गोष्टींनी कळतं: एक्स्चेंजने तारेची ध्रुवता उलटवली तर, नाहीतर बिझी टोन ओळखून. गेटवेमध्ये देश अमेरिका ठेवलेला असतो. अमेरिकेची बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. भारताची ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. गेटवे ज्या टोनची वाट बघत बसतं ती येतच नाही, लाइन अडकून पडते, आणि बाहेरून आलेला कॉल बाहेर फॉरवर्ड केलेला असेल तर दुसरा तुकडा चालूच राहतो. तक्रार येते ती अशी: ‘सकाळी सगळ्या लाइनी बिझी दाखवतात, गेटवे बंद-चालू केलं की ठीक होतं.’ गेटवे बदलायची गरज नाही. टोनचा देश भारत करा, गर्दीची (लाइनी भरल्याची) टोन ४०० हर्ट्झ पाव-पाव सेकंद टाका, एक्स्चेंजकडून ध्रुवता उलटण्याची सोय मिळत असेल तर मागून घ्या, आणि कॉलला कमाल मर्यादा घाला, साठ मिनिटं पुरतात. तपासायला दुसऱ्या मोबाइलवरून फोन लावून आधी तो ठेवा आणि पोर्टचा दिवा किती सेकंदांत विझतो ते बघा. दहाच्या आत विझला पाहिजे.

१८०० नंबर ईपीएबीएक्सवर (ऑफिसच्या छोट्या एक्स्चेंजवर) घेतलेल्या ऑफिसात पैसे जातात ते बहुतेक शुक्रवारी रात्री ते सोमवारी सकाळी, किंवा दिवाळीच्या सुट्टीत. बाहेरच्याने फोन करून पासकोड टाकून ऑफिसच्या लाइनवरून पुढे कॉल करण्याची जी सोय यंत्रात असते, तिला डीआयएसए म्हणतात. फिरतीवरच्या माणसांसाठी ती कधीतरी चालू केलेली असते आणि विसरलेली असते. ती बंदच करा. लांब पासकोड ठेवून ती चालू ठेवण्यात काही शहाणपण नाही, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. दुसरं, बाहेरून आलेली लाइन बाहेरच्या लाइनला जोडायची परवानगी ठरावीक एक्स्टेन्शनपुरती ठेवा. तिसरं, व्हॉइस मेलचे पासकोड. एक्स्टेन्शन २०४ चा पासकोड २०४ किंवा १२३४ असेल तर ते कुलूप नव्हे. व्हॉइस मेलमधून परत बाहेर कॉल करायची सोय बंद. चौथं, आयएसडी. ज्या देशांत तुमचा व्यवहार आहे तेवढेच कोड उघडा, बाकी सगळे बंद. ऑपरेटरला सांगूनही ते करून घ्या, कारण यंत्राचं सेटिंग कुणीतरी नंतर बदलतं.

एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाइन) असेल तर ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला की काही तासांत यंत्रं दार ठोठवायला लागतात. १००, १०१, २०१ अशी एक्स्टेन्शनं धरून पासवर्ड चाचपडतात. फायरवॉलमध्ये फक्त सेवा देणाऱ्याचा आयपी पत्ता ठेवा, पाहुण्यांचे (ओळख न पटवता येणारे) कॉल नाकारा, चुकीच्या पासवर्डाच्या पाच प्रयत्नांनंतर पत्ता अडवा. आणि एकाच वेळी किती बाहेरचे कॉल होऊ शकतात त्यावर मर्यादा. बारा माणसांच्या ऑफिसला तीस वाहिन्या उघड्या ठेवून काय करायचंय? चोराच्या कमाईचा वेग हा वाहिन्यांचा आकडाच ठरवतो.

याची उलटी चालही आहे. अमेरिकेत टोल-फ्री कॉल ज्या स्थानिक कंपनीच्या गिऱ्हाइकाकडून निघतो तिला त्याचा वाटा मिळायचा, आणि पे-फोनवरून निघाला तर फोनच्या मालकाला दर कॉलला ४९.४ सेंट. मग काय, यंत्रं लावून ८०० नंबरांवर नुसते कॉल पाडायचे, आयव्हीआरशी (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्राशी) मिनिटं घालवायची आणि वाटा खायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) स्थानिक कंपन्यांच्या वाट्याचे दर टप्प्याटप्प्याने उतरवायचा आदेश काढला. टोल-फ्रीच्या बिलात रात्री तीनला चाळीस-चाळीस सेकंदांचे, मेनूत कुठलंच बटण न दाबलेले कॉल रांगेने दिसले तर हीच शंका घ्या. आयव्हीआरमध्ये दोनदा काही न दाबल्यास कॉल तोडायचं सेटिंग ठेवलं की त्यातली बरीच मिनिटं वाचतात.

घरगुती फोनवरचा आजचा प्रकार याहून साधा आहे. कुरियरवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस म्हणून फोन येतो: ‘पार्सल अडकलंय, *४०१* लावून हा दहा आकडी नंबर डायल करा.’ काही नेटवर्कवर तो सगळे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवायचा कोड आहे. फॉरवर्डिंगने एसएमएस वळत नाहीत, फक्त बोलण्याचे कॉल वळतात. म्हणून समोरचा तुमच्या नंबराने व्हॉट्सअॅप उघडायला जातो, एसएमएसऐवजी ‘कॉल करून कोड सांगा’ निवडतो, आणि कोड त्याच्या कानात. इथे कुठलंही यंत्र फोडलेलं नाही, नेटवर्कला आदेश तुम्हीच दिलाय. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरची (* आणि # च्या कोडांवरची) फॉरवर्डिंग सेवा थांबवायला सांगितली ती यामुळेच.

तपासायला *#२१# डायल करा, सरसकट फॉरवर्डिंग चालू आहे का ते कळतं. न उचलल्यास *#६१#, रेंज नसल्यास *#६२#, बिझी असल्यास *#६७#. सगळं काढायला ##००२#, जिओवर *४१३. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन बघा किंवा कस्टमर केअरला सांगा. एक सांगून ठेवतो: ‘रेंज नसल्यास’ पुढे अनोळखी नंबर दिसला की घाबरू नका, तो बहुतेक वेळा कंपनीचाच मिस्ड कॉल अलर्टचा नंबर असतो. ‘सरसकट’ पुढे नंबर दिसला तर मात्र लगेच काढा, मग व्हॉट्सअॅपला दोन टप्प्यांचा पिन लावा, आणि बँकेला कळवा, या क्रमाने. आधी बँकेला फोन केलात तर बँकेचा परतीचा कॉल त्याच्याकडेच जाईल.

‘शिकण्यासाठी म्हणून करून बघू का’ असंही विचारलं जातं. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं, नुसता प्रयत्न करणं सुद्धा, दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली येतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या वापराचे पैसे खटपट करून दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये वेगळं नमूद आहे. हात साफ करायचाच असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर अॅस्टरिस्क (एक्स्चेंजचं काम करणारं फुकट सॉफ्टवेअर) टाका, त्याला एक एफएक्सओ आणि एक एफएक्सएस (ज्याला साधा फोन लावतात तो) पोर्ट जोडा, आणि इंटरनेटपासून तोडून ठेवा. वरचे सगळे सूर, अडकलेल्या लाइनी, दुसरी डायल टोन, सगळं टेबलावर बघता येतं. २६०० सुद्धा, फक्त स्वतःच्या ट्रंकवर.

ऑफिसात पैसे गेलेच असतील तर पहिलं काम आयएसडी आणि बाहेरचं फॉरवर्डिंग ऑपरेटरकडून बंद करून घेणं. ईपीएबीएक्स घाईने रिसेट करू नका, कॉलच्या नोंदी त्यातच असतात आणि रिसेटने पुसल्या जातात. आधी नोंदींची फाइल उतरवा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद कॉल असेल तर संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या ‘चक्षू’ मध्ये नोंदवा. ऑपरेटरशी बिलाचा वाद घालताना कॉल सुरू झाल्याची वेळ, कुठल्या ट्रंकवरून बाहेर गेला आणि त्या क्षणी आत आलेला कॉल कुठला, हे तीन रकाने शेजारी-शेजारी मांडून द्या. दोन तुकड्यांची जोडी जुळून दिसली की बोलणं लवकर पुढे सरकतं.